मणक्यातली गाठ : वहीतून

‘दुर्बिणीतून होईल ना?’ मणक्यात गाठ निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, टाके किती पडतील. गाठ कसली आणि नेमकी कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही. सगळं अडतं मात्र तिथेच.

*

मज्जारज्जूवर जाड आवरण असतं, ड्युरा. त्याच्या बाहेरची गाठ मोठ्यांमध्ये बहुतेकदा दुसरीकडून आलेली : स्तन, फुप्फुस, प्रोस्टेटचा कॅन्सर. ड्युराच्या आत पण मज्जारज्जूच्या बाहेर असतात श्वानोमा आणि मेनिंजिओमा. बहुधा साध्या गाठी, पूर्ण निघू शकणाऱ्या. खुद्द मज्जारज्जूत एपेंडिमोमा, ॲस्ट्रोसायटोमा.

छोट्या छेदाचं खरं चीज होतं ते मधल्या प्रकारात, आणि तेही गाठ एक-दोन मणक्यांपुरती असेल तर. मज्जारज्जूच्या आतल्या गाठीसाठी छोट्या छेदाचा हट्ट धरू नये, असं माझं मत.

*

लंडन, 9 जून 1887. लष्करातला एक कॅप्टन, पाठदुखीने बेजार, पाय लुळे पडलेले. विल्यम गॉवर्सनी नुसतं तपासून निदान केलं : मज्जारज्जूवर गाठीचा दाब. एक्स-रेचा शोध अजून 8 वर्षं लांब होता. व्हिक्टर हॉर्स्लींनी पाठ उघडली, मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या. गाठ नाही! आणखी वर गेले, तेव्हा सापडली, बदामाएवढी. कॅप्टन पुन्हा चालायला लागला.

‘आणखी वर गेले’ हे मोठ्या छेदातच जमतं. छोट्या छेदात अरुंद नळीतून काम करताना आजूबाजूला डोकावायची सोय नाही.

*

म्हणून आधी मोजणी. छातीचे 12 मणके सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर एकसारखेच दिसतात. खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपासून मोजत वर यायचं, नाहीतर बरगड्या मोजायच्या. काहींच्या कमरेत पाचाऐवजी सहा मणके असतात. मग सगळा हिशेब एकाने सरकतो. एमआरआयमध्ये हे आधीच पाहिलेलं बरं.

*

नळीचं तंत्र मुळात सरकलेल्या गादीसाठी. फोली आणि स्मिथ, 1997. मधल्या रेषेपासून जरा बाजूला दोनेक सेंटिमीटरचा छेद. आधी बारीक नळी, तिच्यावरून जाड, तिच्यावरून आणखी जाड. स्नायू हाडापासून खरवडायचे नाहीत, त्यांचे तंतू नुसते बाजूला सारायचे. शेवटची नळी टेबलाला घट्ट बांधली की तळाशी साधारण रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ दिसतं. एवढ्यातच सगळं उरकायचं.

मायक्रोस्कोपखाली एका बाजूची कमान ड्रिलने घासायची, ड्युरा उघडायचा. गाठ अख्खी ओढायची नाही. आधी आतून पोकळ करायची, मग कवच सुटं करत आणायचं. बाजूला तंत्रज्ञ पायांकडे जाणारे सिग्नल बघत बसलेला. सिग्नल पडला की सर्जनचा हात थांबतो.

गाठ निघाली म्हणून सुटलो, असं नाही. लांब दांड्याच्या हत्यारांनी त्या तळाशी ड्युरा शिवणं हे भल्याभल्यांना घाम फोडतं. टाका सैल राहिला तर मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळतं. एक बरं : नळी काढली की स्नायू मिटतात, पाणी साचायला फारशी पोकळी उरत नाही.

*

पसरलेल्या कॅन्सरने मज्जारज्जू दाबला असेल तर? 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये पॅचेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. नुसत्या रेडिएशननंतर 57 टक्के रुग्ण चालू शकले, ऑपरेशन आणि मग रेडिएशन घेतलेल्यांत 84 टक्के. ती ऑपरेशनं मोठ्या छेदाची होती, हे जाहिराती वाचताना लक्षात ठेवावं. छोट्या छेदाचा इथला फायदा वेगळाच : जखम लवकर भरते, रेडिएशन फार लांबत नाही.

*

आपल्याकडे मणक्याचं हाड पोखरलेलं दिसलं की आधी टीबी आठवतो. आठवायलाच हवा. पण तो कॅन्सरही असू शकतो, म्हणून शक्य असेल तिथे सुईने तुकडा काढून तपासावा, नुसत्या अंदाजावर महिनोन्महिने गोळ्या नकोत.

*

रात्री आडवं झाल्यावर वाढणारी पाठदुखी, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं, पायातली चप्पल निसटलेली न कळणं : डॉक्टरांना दाखवा, एमआरआयचं विचारा. लघवी अडली किंवा पाय उचलेनासे झाले, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.