आजारी माणसाची सेवा दुसऱ्याच्या हाती देताना

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि गावाला लागूनच पुणे-बंगळूर हमरस्ता जातो. कराड, सातारा दोन्ही हाताशी, त्यामुळे डॉक्टरांचा आम्हांला तोटा नाही. अडचण येते ती डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटल्यावर.

आमच्या आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) ऐन ऊसतोडीत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा बसली. रुग्णालयातून सोडताना डॉक्टर म्हणाले, पहिले तीन-चार महिने सोन्यासारखे आहेत, व्यायाम नीट झाला तर पुष्कळ परत येईल. घरात मी, जाऊबाई, चार म्हशी आणि शेतात उतरलेली तोडणीची टोळी! शेवटी जवळच्या शहरातल्या एका लहानशा शुश्रूषा केंद्रात त्यांना ठेवलं. गावात लगेच बोलणं सुरू झालं, "म्हातारीला टाकून आले." बोलणाऱ्यांपैकी कोणी पक्षाघाताचं माणूस कधी उचलून पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

केंद्र दिसायला छान होतं. लादी चकचकीत, दारात तुळस, व्यायाम करून घेणारी मुलगी तर फारच गुणी. चौथ्या दिवशी मी न कळवता तिन्हीसांजेला गेले. आत्यांचा चहा उजव्या हाताला ठेवलेला, वर साय धरून गार झालेला. जो हात हलतच नाही, त्याच बाजूला! मग पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची ही सुरुवात. असा डाग चोळायचाही नसतो, आतलं मांस आणखी दुखावतं. त्यावरचा भार काढायचा, म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची.

रात्रपाळीच्या मावशींना विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "ताई, अकरा जण हायती, मी एकली."

आता हिशेब करा. एकाला वळवून, चादर ओढून, ओलं-कोरडं पाहायला दहा मिनिटं. अकरा जणांना एकशे दहा. शेवटच्याची कूस होते तोवर पहिल्याची वेळ आलीच! मग पाणी कोणी पाजायचं, लघवीची पिशवी कोणी रिकामी करायची? मावशींना बोल लावण्यात अर्थ नव्हता. चालक म्हणाले, माणसं मिळत नाहीत. मिळत नसतील, पण मग खाटा कमी ठेवाव्यात, हे त्यांना सुचलं नाही.

अशा शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे. २०२१ साली त्याचे नियम सुधारले. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. इथे फलक होता, पण शोभेच्या झाडाच्या कुंडीमागे. कुंडी सरकवून आमच्या यांनी तो सगळा वाचला, तेव्हा कार्यालयातली मंडळी जरा सावध झाली.

आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. जवानांसाठी ते झालं. शेतात राबून अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तालुक्याला तसं काही का नसावं?

आत्यांना आम्ही तिथून लगेच हलवलं नाही. व्यायाम चांगला होता, तो तोडणं परवडणारं नव्हतं. रात्री मी आणि जाऊबाई पाळीने राहिलो. चालकांनी आधी नियम दाखवला, मग कबूल झाले. आठवड्यात डाग विरला. त्या मुलीकडून आम्ही सगळं शिकून घेतलं: लुळा हात धरून माणूस कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो, घास द्यायचा तो ताठ बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दीड महिन्याने त्यांना घरी आणलं.

आत्या आता काठीने परसापर्यंत जातात. उजवा हात आला नाही. शब्द एकेक येतात. परवा "भाकरी" म्हणाल्या. "नको" मात्र पहिल्यापासूनच स्पष्ट येतं.