डाग, दुपटं आणि दगडाच्या कमानी

बायांनो, धुणं कधी बिघडलं नाही असं एक तरी घर मला दाखवा. लग्नाच्या गडबडीत कुणीतरी नवं कोरं लाल लुगडं पांढऱ्या सदऱ्यांबरोबर भिजत टाकतं. नीळ नीट न कालवता बादलीत ओतली जाते आणि धोतरावर निळे ठिपके उठतात. खिशात दवाखान्याची चिठ्ठी राहते, तिचा लगदा होऊन सगळ्या धुण्याला चिकटतो. केळीच्या चिकाबद्दल तर बोलायलाच नको. एकदा काळा पडला की तो कशालाच दाद देत नाही. आमच्याकडे चिकाचा सदरा केळीच्याच कामाला ठेवून देतात, आणि मला विचाराल तर तेच शहाणपणाचं आहे.

आज सांगणार आहे तो डाग मात्र आपल्या रानातला नव्हे. तो अमेरिकेतला, युटा नावाच्या राज्यातला आहे. तिथल्या तांबड्या दगडाच्या कमानी बघायला आम्ही गेलो आणि त्या दगडाची धूळ नातवाच्या दुपट्यावर बसून आली. तुम्ही म्हणाल, धुळीचं एवढं काय? झटकली की गेली. पण ती तशी जात नाही. का जात नाही हे कळलं तेव्हा त्या कमानी कशा झाल्या हेही मला जास्त नीट कळलं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगते. पुरुषमंडळींनीही वाचायला हरकत नाही, कारण घोळ घालणारा पुरुषच होता.

माझी लेक आणि जावई शेजारच्या कोलोरॅडो राज्यात राहतात. २०१९ साली त्यांना मुलगा झाला म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो. जाताना मी डिंकाचे लाडू नेले, बाळंतशोपा नेल्या आणि एक दुपटं नेलं. हे दुपटं सासूबाईंनी शिवलेलं. मामंजींच्या जुन्या धोतराचे चार पदर एकावर एक घालून त्यांनी त्याला धावदोरा घातला होता. तेव्हा त्यांची नजर गेली होती, टाके वेडेवाकडे पडले होते, पण बोटांना सवय होती. लेकीच्या मुलासाठी म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं, आणि नातू जन्मायच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. बाजारात दुपटी पुष्कळ मिळतात. हे एकच होतं.

ऑक्टोबरात जावईबापूंनी गाडी काढली आणि आम्हाला मोआब नावाच्या गावी नेलं. त्या गावाजवळ कमानींचं राखीव रान आहे. १९२९ साली सरकारने ते राखलं आणि १९७१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. तिथे दोन हजारांहून जास्त कमानी मोजलेल्या आहेत. भोक निदान तीन फूट असेल तरच ती कमान धरतात, लहानसहान भोकांना गणतीत घेत नाहीत. सगळ्यात लांब कमान सुमारे ३०६ फूट आहे. एवढा लांब दगड मध्ये कसलाही आधार नसताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला आहे. मी तर बघतच राहिले.

आमच्या ह्यांना आधी राजगडाचं आणि रतनगडाचं नेढं आठवलं. आपल्या सह्याद्रीतही डोंगराला अशी आरपार भोकं आहेत, आणि जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला तर दगडाचा नैसर्गिक पूल आहे. पण आपला दगड काळा, लाव्ह्याचा, टणक. तिकडचा दगड वाळूचा. हाताने चोळला तर बोटांना बारीक रेती लागते. उन्हं कलली की सगळा डोंगर विस्तवासारखा लाल दिसतो.

शेतकऱ्याच्या बाईचं लक्ष आधी पावसाकडे जातं. तिथे वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याहून जास्त पडतो. एवढ्याशा पावसाने असं काम कसं केलं असेल? लोकांना वाटतं वाऱ्याने कोरलं, पण खरं काम पाण्याचंच आहे. फार खाली जमिनीत मिठाचा जाड थर आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र यायचा आणि आटायचा, त्याचं ते मीठ. वर वाळूचे थर साचत गेले, त्यांचा दगड झाला. एवढा भार पडल्यावर मीठ खालून सरकतं, एखाद्या जागी फुगून वर येतं. तसं ते आलं आणि वरच्या दगडाला लांबच लांब भेगा पडल्या, एकीला लागून दुसरी, उसाच्या सऱ्या पाडाव्यात तशा. भेगा पाण्याने रुंदावल्या आणि मध्ये दगडाच्या पातळ भिंती उभ्या राहिल्या.

आता धुण्याशी संबंध येतो. वाळूचे कण एकमेकांना धरून असतात ते चुन्यासारख्या एका बारीक द्रव्यामुळे. पावसाचं पाणी थोडं आंबट असतं, ते या चुन्याला विरघळवतं. धरणारं गेलं की कण सुटतो. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि खपल्या काढतं. भिंतीचा खालचा भाग मऊ असेल तर तो आधी जातो, आरपार भोक पडतं, आणि वरचा दगड कमान होऊन राहतो. पाणी दगडाला बडवत नाही. जे धरून ठेवतं तेवढं सोडवतं, आणि मग कण आपोआप पडतो.

आणि दगडाचा तांबडा रंग म्हणजे गंज. प्रत्येक कणावर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप आहे. आपल्या कोकणातल्या जांभ्याची माती तांबडी दिसते तीही लोखंडामुळेच. मोआबच्या आसपास काही थर मात्र फिकट, जवळजवळ पांढरे आहेत. जमिनीखालून तेल-वायूचा अंश असलेलं पाणी झिरपलं, त्याने गंज विरघळवून नेला आणि तेवढा दगड फिका पडला, असं भूगर्भाचे जाणकार सांगतात. निसर्गानेही आपलं धुणं काढलं म्हणायचं!

तिथली सगळ्यात प्रसिद्ध कमान एकटीच उभी आहे, तिच्या भोकाची उंची सुमारे ४६ फूट. युटाच्या मोटारींच्या पाट्यांवर तिचं चित्र असतं. पूर्वी तिथल्या गुराख्यांनी तिला जे नाव दिलं होतं ते ऐकून हसू आवरेना. ते तिला म्हणायचे, शाळेतल्या बाईंचा तुमान! दोन पाय फाकलेल्या, वाळत घातलेल्या तुमानासारखी ती दिसते खरी. हे म्हणाले, "एवढ्या उंचावर वाळत घातलं कुणी?" लेकीने डोळे वटारले, पण तीही हसत होती.

माझे गुडघे चढाचे नाहीत, म्हणून आम्ही रस्त्यापासून जवळ असलेल्या जोडकमानीखाली बसलो. तिथे जावईबापूंनी दुपटं खाली अंथरून त्यावर नातवाला बसवलं. पोराने दूध ओकलं, दुपटं ओलं झालं, आणि ओल्यावर ती तांबडी धूळ बसली.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी कपडे धुण्याची यंत्रं होती. "आई, तुम्ही बसा, आज धुणं माझ्याकडे," असं म्हणून जावईबापूंनी सगळं एकत्र यंत्रात घातलं आणि गरम पाणी लावलं. त्यात त्यांनी त्याच दिवशी घेतलेला किरमिजी सदराही होता. मदत करणाऱ्या माणसाला बोलू नये, आणि मी बोलले नाही. पण दुपटं बाहेर आलं ते गुलाबी होऊन, आणि एका बाजूला विटकरी पट्टे. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावईबापू एवढंसं तोंड करून म्हणाले, "आई, मी घोळ घातला." आणि तसंच ते वाळवायच्या यंत्रात टाकायला निघाले.

"थांबा," म्हटलं, "वाळवू नका."

बायांनो, हे एवढं ध्यानात ठेवा. रंग लागलेलं कापड वाळू द्यायचं नाही, आणि गरम हवा किंवा इस्त्री तर अजिबात दाखवायची नाही. ओलं आहे तोवर लागलेला रंग सुटण्याची आशा असते, उष्णतेने तो धाग्यात पक्का बसतो. आम्ही दुपटं न्हाणीघरातल्या मोठ्या टबात भरपूर पाण्यात बुडवून ठेवलं. लेकीने दुकानातून पांढऱ्या सुती कापडासाठी असते ती ऑक्सिजनवाली पावडर आणली. ती पुडक्यावर लिहिलेल्या मापाने घालून रात्रभर भिजू दिलं. सकाळी पाणी गुलाबी आणि दुपटं बरंचसं पांढरं झालं होतं. दुसऱ्यांदा तेच केलं, गुलाबी गेलं.

विटकरी पट्टे तसेच होते. जावईबापूंनी तोवर क्लोरीनच्या ब्लीचची बाटली पैदा केली होती. ती मी हातातून काढून घेतली. गुलाबी डाग कापडाच्या रंगाचा होता आणि विटकरी डाग गंजाचा. दोन्ही तांबडे दिसले तरी त्यांची जात वेगळी. गंजाच्या डागावर क्लोरीन घातलं तर डाग जाण्याऐवजी आणखी पक्का होतो. गंजाला आंबटच लागतं, जसं दगडातल्या चुन्याला लागतं. लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळलं, दुपटं सज्जाच्या कठड्यावर उन्हात टाकलं, तासाने स्वच्छ पाण्यात खळबळून काढलं. असं चार वेळा केलं. प्रत्येक वेळी डाग थोडा फिका झाला. (एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. ब्लीच आणि लिंबू किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. एक वापरलं तर कापड पूर्ण खळबळल्याशिवाय दुसरं हातात घेऊ नका.)

चौथ्या वेळेनंतर तळहाताएवढा एक फिका पट्टा उरला. लेक म्हणाली, "आई, आणखी एकदा करू या का?" मी दुपटं उजेडासमोर धरलं. धोतर किती वर्षांचं, देव जाणे, धागा विरलेला. आंबट गंजाला खातं तसं सुती धाग्यालाही कमजोर करतं. पाचव्या वेळी डाग गेला असता की कापड गेलं असतं, याची खात्री कोण देणार? मी नाही म्हटलं. नवा सदरा असता तर खुशाल आणखी दोनदा केलं असतं. जुन्या कापडाच्या बाबतीत कुठे थांबायचं ते आधी ठरवावं आणि मग लिंबू कापावं, असं माझं मत आहे.

मातीच्या डागाबद्दल आणखी थोडं. चिखल ओला असताना चोळू नका, कण आत घुसतात. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रशाने काढा, मग गार पाण्यात खळबळा आणि त्यानंतर साबण. काळ्या रानातला चिखल असो की तांबड्यातला, हेच करायचं. दूध आणि रक्त यांना मात्र ताबडतोब गार पाणी, गरम कधीच नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातलाच तो प्रकार. धुवून कडक उन्हात टाका, एक-दोन दिवसांत फिका पडतो.

त्या कमानींचं पुढे काय होणार, हेही तिथे समजलं. ज्या पाण्याने त्या घडवल्या तेच पाणी त्यांना पाडतं. १९९१ साली त्या सर्वांत लांब कमानीतून सुमारे ६० फूट लांबीची शिळा कोसळली. खाली बसलेली माणसं कडकड आवाज ऐकून पळाली म्हणून वाचली, आणि तेव्हापासून कमानीखालून जायची वाट बंद आहे. २००८ च्या ऑगस्टमध्ये तर एक मोठी कमान रात्रीत पडली. १९५० च्या सुमारास त्या तुमानवाल्या कमानीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप द्यावा असा विचार सरकारी खात्यात चालला होता, म्हणजे पाणी शिरणार नाही. पुढे तो सोडून दिला. जमण्यासारखं नव्हतं, आणि निसर्गाच्या कामात तसा हात घालणं खात्याच्या धोरणातही बसत नव्हतं. मला तो निर्णय पटला. लेप दिलेली कमान बघायला मी एवढ्या लांब गेले असते असं वाटत नाही.

लेकीला मात्र वाटत होतं की दुपटं आता जपून पेटीत ठेवावं, वापरू नये. हे तिच्या बाजूचे, मी जावईबापूंच्या. पोराला झोपताना तेच लागायचं, ते नसलं की रडायचं. शेवटी पोराचं ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला ती सगळी गावी आली तेव्हा दुपटं बरोबर होतं. दोन जागी विरलं होतं, तिथून आतला पदर दिसत होता. मी माझ्या जुन्या पातळाचा मऊ तुकडा आतून लावला आणि सासूबाईंच्या टाक्यांना धरून धावदोरा घातला. पट्टा अजून आहे. नातवाने विचारलं, हा डाग कसला, तर जावईबापू माझ्याकडे बघून म्हणाले, "आजीला विचार. मला सांगायची बंदी आहे."