डॉक्टर की डॉक्टरेट?

आमच्या कांदिवलीत बारावी सायन्सच्या मुलांचे दोनच प्रकार असतात: इंजिनीअर होणारे आणि डॉक्टर होणारे. आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी दुसऱ्या प्रकारातली. सध्या एमबीबीएसची इंटर्नशिप चालू आहे. गेल्या रविवारी तिने घरात बॉम्ब टाकला, "मला एमडीनंतर पीएचडी पण करायचीय." तिचे बाबा तडक माझ्याकडे. 'नेटवर शोधून सांगणारा' अशी माझी बिल्डिंगमध्ये ख्याती आहे ना!

"अरे, डॉक्टर होतेच आहे, मग परत डॉक्टरेट कशाला?"

काकांचा हिशेब चुकीचा नव्हता. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, वर चार-पाच वर्षं पीएचडी. मधली प्रवेश परीक्षेची तयारी आणि बॉन्ड धरला नाही तरी एकतिशी उजाडते. तोवर वर्गमित्रांच्या दवाखान्यांना पाट्या लागलेल्या असतात.

अमेरिकेने या हिशेबावर सरकारी उपाय काढला. तिथल्या एनआयएचने १९६४ साली तीन विद्यापीठांत असा जोडकोर्स सुरू केला. आधी मेडिकलची दोन वर्षं, मग पीएचडी, मग पुन्हा वॉर्डात. एकूण साधारण आठ वर्षं. पण फी माफ आणि वर स्टायपेंड! आपल्याकडेही हालचाल आहे. बंगळुरूच्या आयआयएससीने २०२२ साली मेडिकल स्कूल आणि ८०० खाटांच्या हॉस्पिटलची घोषणा केली. बागची आणि पार्थसारथी कुटुंबांनी त्यासाठी ४२५ कोटी रुपये दिले. तिथेही एमडी-पीएचडी एकत्र करायचा बेत आहे.

पण हे सगळं कशासाठी? आपल्या भाषेत सांगतो. प्रॉडक्शनमध्ये बग आला की सपोर्टवाला तो बघतो, आणि कोड लिहिणारा दुसऱ्याच मजल्यावर बसलेला असतो. मधल्या ईमेलांत निम्मा बग हरवतो. ज्याने रात्री दोन वाजता सपोर्टचा फोन उचललाय आणि ज्याला कोडही कळतो, तो माणूस टीममध्ये एक असला तरी फरक पडतो. पेशंट बघणारा संशोधक म्हणजे तोच माणूस.

आणि याचं उदाहरण शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. कांदिवलीहून चर्चगेट लोकल पकडायची, दादरला उतरायचं आणि परळ गाठायचं. केईएम हॉस्पिटल आणि आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था तिथे अगदी शेजारी शेजारी आहेत. केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ, संस्थेत संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार. टेस्ट ट्यूब बेबीच्या कामात स्त्रीबीज काढायला डॉक्टरचा हात लागतो, आणि ते शरीराबाहेर जगवून फलित करायला प्रयोगशाळा. दोघांनी मिळून ते जमवलं. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएममध्ये हर्षा जन्मली. हिंदुजाबाईंनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची पीएचडीही मिळवली.

आता दुसरी बाजू. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी. एमबीबीएसवर दोन डॉक्टरेट, एक कलकत्त्याची, एक एडिंबराची. ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मून तेव्हा जेमतेम सत्तर दिवस झाले होते. सरकारी समितीने त्यांचा दावा उडवून लावला. पुढे त्यांची बदली केली ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

पुढे याच आनंद कुमारांनी मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी तपासल्या, आणि १९९७ साली जाहीर लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखर्जी आहेत. म्हणजे आपल्याच टीमचा पहिला नंबर स्वतःहून सोडला! आपल्या अप्रेझलच्या सीझनमध्ये असं कोणी करेल?

मला या दोन गोष्टींमधला फरक महत्त्वाचा वाटतो. पदव्या मोजल्या तर मुखर्जींचं पारडं जड होतं. पण त्यांच्या पाठीशी संस्था उभी राहिली नाही, उलट अंगावर आली. परळला डॉक्टरही होती, लॅबही होती, आणि लॅबचा प्रमुखच सोबत होता.

म्हणून काकांना मी सांगितलं, "पोरीला अडवू नका. पण कॉलेजची रँक बघण्याआधी तिला तीन प्रश्न विचारायला सांगा. वॉर्डापासून लॅब किती लांब आहे? लॅबच्या वर्षांत पगार कोण देणार? आणि तिचा रिझल्ट मोठ्या साहेबांना पटला नाही, तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वेबसाइटवर मिळतील. तिसऱ्यासाठी तिथल्या सीनियर्सबरोबर चार वेळा चहा प्यावा लागेल.