चिवड्यामागचा डबा

यंदा दिवाळीत फराळाच्या डब्यांच्या रांगेत एक डबा मी चोरून ठेवला. तो फराळाचा नव्हता.

वाशीच्या आमच्या घरी नातू पहाटे व्यायामशाळेत जातो आणि परतल्यावर कसलीशी पांढरी भुकटी पाण्यात ढवळून पितो. एकदा चष्मा लावून डब्यावरचं नाव वाचलं : क्रिएटिन. काळजात चर्र झालं. हिच्या आजारपणाची शेवटची दोन वर्षं मी रक्ततपासणीच्या कागदावर एकच आकडा शोधत असे, क्रिएटिनिनचा. तो वाढला की घरात कुणाला घास गिळत नसे. ते विष हा पोरगा विकत आणून पितो? मी डबा उचलला आणि चिवड्यामागे दडवला.

संध्याकाळी चोरी उघडकीस आली. नातू रागावला नाही; मला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर हसले. म्हणाले, "अहो, क्रिएटिन तुमच्याही अंगात आहे! १८३२ साली शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते मांसात सापडलं. आपलं शरीर रोज सुमारे १ ग्रॅम स्वतःच तयार करतं. मासे-मटणातून आणखी मिळतं. तुम्हा वरणभातवाल्यांना अन्नातून जवळजवळ नाहीच. ते बहुतेक सगळं स्नायूंत साठतं आणि एकदम जोर लावताना कामी येतं. क्रिएटिनिन ही त्याची राख. मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. ती थकली की राख साचते."

निरोगी माणसाला रोज ३ ते ५ ग्रॅम भुकटी चालते, असंही ते म्हणाले. मात्र तिनं तपासणीतला आकडा थोडा वर दिसू शकतो, म्हणून आधी सांगावं. आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यानं विचारल्यावाचून घेऊ नये.

परतताना बाजारावरून आलो. एका माथाडीनं हिसक्यासरशी कांद्याचं पोतं पाठीवर घेतलं. त्या क्षणी त्याच्या अंगात हेच खर्ची पडलं असणार! मला ही आठवली. चाळीत होतो तेव्हा पाण्याच्या कळशा घेऊन तीन जिने चढायची. ज्या आकड्याला आम्ही दोन वर्षं भ्यालो, तो तिच्या राबत्या अंगाचीच राख मोजत होता.

डबा मी परत दिला. "तेवढं रक्त तपासून घे," म्हटलं.

"घेतो. पण कागद तुम्हीच वाचायचा, आजोबा."

वसुबारसेला कागद आला. डॉक्टरांनी निर्वाळा दिला होता, तरी आकडा मी दोनदा वाचला. मग चिवड्याचा डबा उघडला.