मुठीची उंची

टेक्सासमधील सार्वजनिक विद्यापीठांच्या वर्गांत परवानाधारकाला झाकलेले पिस्तूल जवळ बाळगण्याची मुभा देणारा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी अमलात आला. त्याआधी बरोबर पन्नास वर्षे, १ ऑगस्ट १९६६ रोजी, ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने खाली चालणाऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. तारखांची अशी जुळणी कादंबरीत करायची झाली तर लेखक संकोचला असता. असो.

अशाच एका विद्यापीठात मी साहित्य शिकवतो. कायद्याविरुद्ध ऑस्टिनमधल्या तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. त्यांपैकी दोघी इंग्रजीच्या. वर्गात कुणाजवळ शस्त्र असू शकते या जाणिवेनेच चर्चा आखडते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ साली अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. माझ्यात तेवढे धैर्य नव्हते. मी २०१७ च्या उन्हाळ्यात परवाना काढायला गेलो. आपण ज्याला विरोध करतो ती वस्तू निदान ठाऊक असावी, असे कारण मी घरी सांगितले होते. ते खरे होते, पण अपुरे होते. मला भीती वाटत होती.

आमच्या मराठी मंडळात एक निवृत्त अभियंते आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गणपतीत आरतीचे ताट धरतात, आणि शनिवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर असतात. त्यांनी माझ्यासमोर तीन पिस्तुले ठेवली. तिन्ही एकाच ऑस्ट्रियन घराण्यातली. ग्लॉक १७ पूर्ण आकाराचे, १९ कॉम्पॅक्ट, आणि २६ त्याहूनही आखूड. काडतूस तिघांचेही एकच, नऊ मिलीमीटरचे. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १७ स्वीकारले ते १९८० च्या दशकाच्या आरंभी. पट्ट्याला उघडे लटकवण्याच्या शस्त्राला आकार लपवण्याचे कारण नसते. धाकट्या दोघांची गरज पुढे, वेगळ्या गिऱ्हाइकासाठी निर्माण झाली.

'कुठलं घ्यायचं ते तुमच्या हाताला विचारा,' अण्णा म्हणाले. 'आणि मग कमरेला विचारा. दोघांचं जमत नाही, तीच पंचाईत आहे.'

हाताचे उत्तर लवकर मिळाले. परवान्याच्या परीक्षेत पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात: तीन यार्डांवरून वीस, सातवरून वीस, पंधरावरून दहा. अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण पडले की उत्तीर्ण. तीन यार्डांवर तिन्ही पिस्तुले सारखीच शहाणी वाटली. पंधरावर मात्र फरक कळला. थोरल्याची मूठ माझ्या तळव्यात पुरी बसे, धक्का मनगटातून कोपराकडे विरून जाई आणि पुढच्या गोळीला नळी आपोआप जागेवर येई. बंदुकीच्या टोकावरील नेमाच्या खुणेला मराठीत माशी म्हणतात. मागची खाच आणि ही माशी यांत अंतर जितके जास्त, तितकी हाताची चूक डोळ्याला आधी दिसते. १९ वर माझा नेम किंचितच ढळला. २६ धरताना करंगळीला आधारच उरला नाही. प्रत्येक गोळीनंतर मूठ नव्याने आवळावी लागे आणि कागदावरची भोके एकमेकांशी भांडल्यासारखी चारी दिशांना गेली. परीक्षा मी थोरल्यावर दिली आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो. परीक्षा एकावर द्यावी आणि बाळगावे दुसरेच, याला कायद्याची हरकत नाही. पुष्कळ लोक तेच करतात, असे अण्णा सांगतात. सरावाला मोठे, बाळगायला लहान. आणि मोठ्यावर कमावलेले कसब लहानात आपोआप उतरेल असा विश्वास. अण्णांना हा विश्वास मान्य नाही. जे कमरेला, त्यावरच सराव, हा त्यांचा नियम. म्हणून ते स्वतः १९ वर येऊन थांबले आहेत.

कमरेचे उत्तर मिळायला आठवडा लागला. ती सोयही अण्णांचीच. पिस्तूल रिकामे, काडतुसे त्यांच्याकडे, आणि मी घरातल्या घरात ते विजारीच्या आत होल्स्टरमध्ये लावून वावरायचे. पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली, जी तोवर मला उलटी वाटत होती. १७ आणि १९ यांच्या नळ्यांत बारा मिलीमीटरांचा फरक, आणि मी लांबीचाच विचार करत होतो. पण नळी विजारीच्या आत जाते. तिची लांबी कुणाला दिसत नाही. वर राहते ती मूठ. तीच सदऱ्याला टोचते, तीच त्याला कोपरा आणते. म्हणजे जो सेंटीमीटरभर भाग हाताला हवाहवासा, तोच कमरेला नको असतो. (पुढे २०१८ मध्ये याच कंपनीने आखूड नळी आणि पुरी मूठ असे पिस्तूल काढले. लपवण्याच्या दृष्टीने नेमके उफराटे. पण हाताला सुखाचे.)

'तू वाकतच नाहीस,' पत्नी तिसऱ्या दिवशी म्हणाली. खाली पडलेले पेन मी गुडघ्यांवर बसून उचलत होतो. खुर्चीत टेकताना उजवी बाजू राखत होतो. एकदा वरच्या फळीवरचे पुस्तक काढायला हात उंचावला, सदरा वर सरकला आणि कपाटाच्या काचेत मुठीचा काळा तळ दिसला. हात खाली आणताच माझी बोटे आपसूक सदऱ्याची कड खाली ओढून गेली. मी तसाच उभा राहिलो. वर्गात फळ्यावर लिहिताना मी तासातून कितीदा हात वर नेतो, याचा हिशेब मी तोवर कधी केला नव्हता. १९ घेतले असते तर मूठ थोडी कमी दिसली असती. २६ घेतले असते तर दिसलीच नसती, आणि पंधरा यार्डांवरून माझी गोळी कुणाला लागली असती ते मलाही सांगता आले नसते. तीस मुलांच्या खोलीत.

रविवारी तिन्ही अण्णांना परत केली. त्यांनी कारण विचारले नाही, चहा केला.

परवाना मात्र खिशात राहिला, आणि त्याबरोबर एक नको असलेली विद्याही. त्या वर्षीच्या हेमंत सत्रात माझ्या वर्गात एक मुलगा होता. वयाने इतरांहून मोठा, कमी बोलणारा. चेकॉव्हच्या कथांवर त्याने लिहिलेला निबंध माझ्या मते कच्चा होता आणि मी त्याला गुणही तसेच दिले होते. निबंध परत करताना मी त्याचे नाव घेतले. तो जागेवरून उठला. उठताना त्याच्या उजव्या हाताची बोटे सदऱ्याच्या कडेकडे गेली, ती खाली ओढून परत आली. सवय असेल. सदरा आखूडही असेल. विचारायचे नसते.

त्याने डावा हात पुढे केला. मी कागद दिला. समासात लिहिलेला एक शेरा, ज्यावर मी त्याच्याशी सविस्तर बोलायचे ठरवले होते, त्याबद्दल मी काहीच बोललो नाही.