करपण्याआधी

बालाघाटच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशच्या आसपासची जमीन हलकी, मुरमाड. पावसानं ओढ दिली की उभं पीक करपतं, आणि तेव्हा कुणी पिकाला नावं ठेवत नाही. पाऊस किती दिवस लांबला, विहिरीला पाणी किती उरलं, जमिनीत ओल कुठवर आहे, हे शेतकरी आधी बघतो. आरोग्य खात्यात राबणारी माणसं करपतात तेव्हा मात्र आपण उलटं वागतो. आरोग्यसेविका, आशाताई, वैद्यकीय अधिकारी, रुग्णवाहिकेचा चालक यांच्यातलं कुणी कोरडं पडलं, चिडचिडं झालं किंवा नोकरी सोडून गेलं, तर आपण म्हणतो, यांचं मनोबल कमी पडलं. मग उपाय म्हणून ताणतणाव व्यवस्थापनाचं एक दिवसाचं शिबिर भरतं. थोडा प्राणायाम, थोडं ध्यान, एक व्याख्यान. संध्याकाळी माणसं गावी परततात आणि दुसऱ्या दिवशी तीच नोंदवही, तीच रात्रपाळी. मला इथं एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. लिंबागणेशसारख्या गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्याचं करपणं कामाच्या मांडणीतून येतं. ते टाळायचं असेल तर हात मांडणीलाच घालावा लागेल.

‘बर्नआउट’ हा शब्द अलीकडे सगळीकडे ऐकू येतो, पण तो जुना आहे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवकांची अवस्था पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये त्यावर लिहिलं. 1981 मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मन रितं होणं, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून कामात काही साधत नाही असं वाटणं. यातली दुसरी खूण गावाला सगळ्यात आधी दिसते. ‘सिस्टर खेकसतात’, ‘डॉक्टर मान वर करून बघत नाहीत’ हे बोल आपण ज्याला त्याला ऐकवतो, आणि तो स्वभावाचा दोष आहे असं धरून चालतो. तो पुष्कळदा करपण्याच्या वाटेवरचा मैलाचा दगड असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात याचा समावेश केला तो आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळचा आणि नीट न हाताळलेला ताण, असं कारण त्या व्याख्येतच दिलेलं आहे. म्हणजे व्याख्या बोट दाखवते ती कामाच्या जागेकडे.

ती जागा जवळून पाहू. सपाट भागात 30,000 आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं शासकीय मानक आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. केंद्रातल्या लस ठेवायच्या फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंशांच्या दरम्यान आहे ना, हे दिवसातून दोनदा बघून तक्त्यावर लिहायचं असतं, रविवारी आणि सणावारीही. बाळंतपणाच्या खोलीत कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटातल्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासानं मोजून आलेखावर मांडायचे. बाळंत झाल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव बघायचा, नाडी बघायची. हे सगळं रात्री दोन वाजता एका आरोग्यसेविकेनं करायचं आणि सकाळी लसीचा डबा घेऊन वाडीवरच्या लसीकरण सत्राला निघायचं. आशाताईचं पाहा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. हात धुऊन बाळाला घ्यायचं, वजन करायचं, अंगाचं तापमान बघायचं, ते नीट ओढतंय का ते बघायचं. या सहा भेटींचा मिळून मोबदला 250 रुपये ठरलेला आहे. एका भेटीला 42 रुपयेसुद्धा पडत नाहीत. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सिद्ध केली, 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं ती छापली आणि पुढे ती देशभर गेली. बाळ जगतं हे त्या कामात डोळ्यांना दिसतं. म्हणूनच इतक्या तुटपुंज्या पैशातही ते चालू आहे. पण माणसाच्या समाधानावर व्यवस्थेनं असं किती वर्षं विसंबून राहायचं?

आपल्या जिल्ह्यात याच्यावर आणखी एक पदर चढतो, तो ऊसतोडीचा. सीताफळं संपत येतात, दसरा होतो, मुकादमाची उचल घेतलेले ‘कोयते’, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरात्रात जन्मलेलं बाळ आईबरोबर फडावर जातं, आणि त्याचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस तिकडे असतानाच येतात. चौथा-पाचवा महिना लागलेली बाई गावच्या यादीत नोंदलेली असते, पण राहते दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या कोपीवर. यादी हलत नाही, माणसं हलतात. आरोग्यसेविकेला त्या नावापुढची रिकामी चौकट भरायची असते आणि ती भरणं तिच्या हातात नसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर टोळ्या परततात तेव्हा राहिलेले डोस, अंगातलं रक्त उतरलेल्या बायका, अंगावर काढलेली दुखणी सगळं एकदम केंद्राच्या दारात येतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं, तेव्हा महाराष्ट्राला ऊसतोड बाईच्या शरीराचे हाल समजले. तेच हाल गावोगावच्या आशाताई वर्षानुवर्षं उंबऱ्यावर बसून ऐकत आल्या आहेत. दुसऱ्याचं दुःख रोज ऐकायचं आणि त्यावर करता येण्याजोगं फार थोडं हाताशी असायचं, हे ओझं कुठल्याच अहवालात मोजलं जात नाही.

आता पुरावा पाहू. 2004 मध्ये बॉस्टनच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वेळापत्रकात नेहमीच्या सलग 24 तासांच्या किंवा त्याहून लांब पाळ्या होत्या आणि दुसऱ्यात छोट्या पाळ्या. लांब पाळ्यांत गंभीर चुका 36 टक्क्यांनी जास्त झाल्या. थकलेल्या हातून काय होतं याला याहून वेगळा दाखला नको. 2017 मध्ये मारिया पानाजिओटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे 19 अभ्यास एकत्र तपासले. एकेकट्या डॉक्टरला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलणारे उपाय जास्त परिणामकारक ठरले. न्यायाला धरून हेही सांगायला हवं, की 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या आढाव्यात दोन्ही तऱ्हांच्या उपायांचा उपयोग दिसला होता, त्यात बर्नआउटचं प्रमाण सरासरी 54 टक्क्यांवरून 44 वर आलं. तेव्हा ध्यान-प्राणायामाला माझा विरोध नाही. ज्याला त्यानं बरं वाटतं त्यानं जरूर करावं. माझा विरोध आहे तो शिबिर घेतलं की जबाबदारी संपली, या समजाला. रात्रभर जागलेल्या सिस्टरला सकाळची सुट्टी दिली तर ती झोपेल. झोपेच्या बदल्यात दीर्घ श्वास घ्यायला शिकवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप जुन्या माणसांचा. पूर्वीचे डॉक्टर वाहन नाही, वीज नाही अशा गावात एकट्यानं राहिले, त्यांना नाही असलं काही झालं. या म्हणण्यात आदर आहे आणि मला तो मान्य आहे. पण त्या उदाहरणांतून निष्कर्ष दुसरा निघतो. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं माणसं पटापट मरत होती. बावस्करांनी रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून निरीक्षणं केली, हृदयावर काय परिणाम होतो ते ओळखलं, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्यावर आला. कष्ट त्यांनी कुणापेक्षाही कमी केले नाहीत. पण काय करायचं ते ठरवायची मोकळीक त्यांच्याकडे होती, आणि केलेल्याचं फळ त्यांच्या डोळ्यांसमोर खाटेवरून उठून घरी जात होतं. मास्लाक यांनीही पुढच्या लिखाणात कामाच्या बोजाइतकंच महत्त्व कामावरच्या ताब्याला, न्यायाला आणि सोबतीला दिलं आहे. नुसते कष्ट माणसाला करपवत नाहीत. ज्या कष्टांचा हिशेब दुसरा घेतो आणि ज्यांचं फळ आपल्याला दिसत नाही, ते करपवतात. आणि असामान्य माणूस मिळेल या भरवशावर वीस-तीस हजार लोकांचा दवाखाना चालवणं हे त्या लोकांवर अन्याय करणारं आहे.

दुसरा आक्षेप गावाचा, आणि तो जास्त टोकदार आहे. सरकारी पगार, पक्की नोकरी, तरी गेलं तर माणूस जागेवर नाही. रात्री पोट दुखायला लागलं की बीडचीच वाट धरायची. मग यांच्या थकव्याचं कौतुक आम्ही का करावं? गावाची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गैरहजेरीची किंमत गरीब माणूस मोजतो. पण ‘पक्की नोकरी’ हे आधी तपासावं. आशा स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. त्यात वाढ मिळावी म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना 2021 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये संपावर जावं लागलं. समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, कितीतरी परिचारिका कंत्राटी. दुसरं असं, की माणूस जागेवर टिकवायचा तर त्याला राहण्याजोगी खोली, पाणी आणि रात्री सोबतीला दुसरा माणूस लागतो. रागावलेला जमाव दारात आला तर एकटी बाई काय करणार? आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायद्यापेक्षा शेजारी उभा असलेला शिपाई उपयोगी पडतो. जाब विचारायचा तो जरूर विचारावा. तो भीतीच्या वाटेनं विचारला की कागद भरतात, काम भरत नाही. माता मृत्यूच्या अन्वेषणाचं उदाहरण घ्या. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही, कुठे उशीर झाला तेवढं शोधायचं, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात नोटिशीची धास्ती असली की जो तो आपला कागद सांभाळतो आणि उशीर कुठे झाला हे शेवटपर्यंत कळत नाही. पुढची बाई त्याच उशिरात सापडते.

तिसरा आक्षेप पैशाचा: रिकाम्या जागा भरायला पैसा कुठून आणायचा? जागा भराव्या लागतील, त्याला पळवाट नाही. पण काही गोष्टींना पैसा लागतच नाही. एकाच गरोदर बाईची माहिती नोंदवहीत, मग पोर्टलवर, मग वरून मागितलेल्या तक्त्यात, मग व्हॉट्सॲपच्या गटावर फोटोसकट, अशी चार ठिकाणी द्यावी लागते. क्षयरोगाचं पोर्टल निराळं, असंसर्गजन्य आजारांचं निराळं, आरोग्य-कार्डांचं काम निराळं. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागायची नाही, असा नियम जिल्ह्यानं केला तर दर आठवड्याला कित्येक तास सुटतील. रात्री बाळंतपण केलेल्या सेविकेला दुसऱ्या दिवशीचं सत्र लावायचं नाही, हे वेळापत्रकात आधीच लिहिता येतं. स्थलांतरित कुटुंबांची यादी दसऱ्याआधी वेगळी काढून जिथे टोळी जाणार तिथल्या केंद्राकडे पाठवली, तर इथल्या सेविकेच्या माथ्यावरच्या रिकाम्या चौकटी कमी होतील आणि तिथे बाळाला लसही मिळेल. यातलं काहीही अवघड नाही. कागद मागणाऱ्यानं एक कागद कमी मागायचा, एवढंच त्याला लागतं.

एक गोष्ट मला फार लागते. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या जिल्ह्यांत 2015 नंतर राज्यानं ‘प्रेरणा प्रकल्प’ राबवला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन विचारायच्या: झोप लागते का, कशात मन लागतं का, जीव नकोसा होतो का? हे प्रश्न विचारणाऱ्या बाईला तेच प्रश्न कुणी विचारले? तिच्याही घरी कोरडवाहू शेत आहे, तिचाही नवरा कर्जाच्या फेऱ्यात असू शकतो. 1950 च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी साध्या कुटुंब-डॉक्टरांचे छोटे गट केले; त्यांनी आठवडाभरात जड गेलेल्या एखाद्या रोग्याविषयी एकमेकांशी बोलायचं, एवढाच नियम. त्याला यंत्र लागत नाही. आपल्याकडे आशांची मासिक बैठक केंद्रावर होतेच. त्यातला अर्धा तास आकडे बाजूला ठेवून, अधिकाऱ्यानं वही मिटून, नुसतं ऐकायला देता येईल. दगावलेल्या बाळाच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जायची तयारी केलेल्या बाईला त्या घरावरून पुन्हा जाताना काय होतं, ते निदान एकदा बोलून होईल.

सहनशक्ती हा शब्द मी मुद्दाम टाळत आलो आहे, कारण आपल्याकडे तो बहुतेक वेळा बाईला गप्प बसवायला वापरला जातो. तग धरण्याची ताकद एकेकट्याच्या छातीत शोधण्यापेक्षा ती वेळापत्रकात शोधावी. येत्या दिवाळीलाही लसीच्या फ्रीजचं तापमान दोनदा लिहायचं आहे, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही कुणाच्या तरी कळा सुरू होतील. त्या रात्री खोलीत कोण दोघीजणी असतील, आणि त्यांच्याऐवजी पाडव्याला कोण येईल, ती नावं दसऱ्यालाच भिंतीवर लागायला हवीत.