वझऱ्याचं पाणी, मनाची राहत

माहूर तालुक्यात वझरा शेख फरीद नावाचं गाव आहे. भोवती डोंगर, सागाचं जंगल आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. शनिवारची सकाळची शाळा सुटली, तपासायच्या वह्यांनी डोकं जड झालं की आम्ही शिक्षक मंडळी इथं येतो. गार पाण्यानं वुजू करतो, जोहरची नमाज अदा करतो आणि घटकाभर गप्प बसतो. हजरत बिलाल (रजि.) यांना नमाजसाठी पुकारायला सांगताना प्रेषितांनी (स.) नमाजला राहत म्हटलं, ते इथं मनोमन पटतं.

थकलेलं मन वर्गात लेकरांवर खेकसतं, घरी माणसांवर. रोज वझरा गाठणं जमणार नाही. पण वुजूचं पाणी आणि जोहरची दहा मिनिटं प्रत्येक घरात आहेत. ती घाईत उरकू नयेत.